फोडू नये

एल्डोरेटला रात्री थंडी वाजते
हे किसुमूच्या माणसाला सांगून पटत नाही.
ओगुटू फोनवर म्हणतो, इथे पंखासुद्धा घामेजलाय.
मी स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून
काळ्या पडद्यावर टाइप करत राहते.

त्याच्या सर्व्हरवर एक कंटेनर: रक्तपेढीची खिडकी.
माझ्यावर एक: सगळी वही.
कुठल्या फ्रिजात कुठली पिशवी, कधीची, किती दिवस उरलेली.
मध्ये नांदीचे डोंगर, चहाचे मळे, उसाचे वाकडे ट्रॅक्टर
आणि कुणाकुणाच्या मालकीच्या तारा.

पहिली अडचण हसू येण्यासारखी.
दोघांचाही पत्ता एकच निघाला:
एकशे बहात्तर, सतरा, शून्य, दोन.
दोन गावांत एकाच नावाची गल्ली, तिच्यात दोन नंबरचं घर.
त्याने हाक मारली की
त्याचीच भिंत त्याला ओ द्यायची.
मी माझी गल्ली बदलली.
ओगुटू म्हणाला, दर वेळी तूच का?
मी म्हटलं, आधी माझ्या लक्षात आलं म्हणून.

मग किल्ल्या.
उघडी किल्ली त्याने वाचून दाखवली, अक्षर अक्षर,
हे मोठं, हे लहान, इथे अधिकचं चिन्ह.
मी माझी वाचली.
झाकली किल्ली ज्याची त्याच्यापाशी.
विश्वासाला एवढं पुरतं म्हणे.

बोगदा उघडला.
आहेस?
बावीस मिलिसेकंदांनी: आहे.
आहेस? आहे. आहेस? आहे.
मार्चमध्ये तो तिकडे गेला तेव्हापासून
आमचंही बोलणं साधारण एवढंच.

ओ निगेटिव्ह किती?
तीन.
आलं, लगेच आलं.
आता पूर्ण यादी दे.

काही नाही.

कर्सर लुकलुकत राहिला.
बाळंतपणाच्या वॉर्डातून सिस्टर नेकेसाने दोनदा विचारलं,
मग वैतागून कागदी वही काढली आणि तिचं काम झालं.
आमचं नाही.
आहेस म्हटलं की आहे.
यादी म्हटलं की गप्प.

पहाटे तीनला उमगलं.
बोगद्यात पाकीट जायचं ते दुसऱ्या पाकिटात घालून,
आणि वरच्या पाकिटाला स्वतःची जागा लागते,
ऐंशी बाइट.
आम्ही आतलंच पंधराशेचं भरलेलं, काठोकाठ,
वर शिक्का: फोडू नये.
तीन आकडा मावतो. "आहे" तर सहज मावतं.
यादी तोंडाशी अडकून पडते.

आणि तोंडाशी जो बसला होता त्याने दर वेळी
इमानदारीने चिठ्ठी पाठवली होती:
मोठं आहे, लहान करून द्या.
ती चिठ्ठी आमच्याच फायरवॉलने
दारातून हाकलली.
ओळखीची नाही म्हणून.
नियम माझाच. गेल्या वर्षी लिहिलेला,
कुणी एक आत शिरला होता त्यानंतर,
रागात.

तो नियम मी थोडा सैल केला.
आकडा बदलला: चौदाशे वीस.
यादी आली. तीन पिशव्या,
एकीची मुदत उद्या दुपारपर्यंत.

ओगुटू म्हणाला, झालं?
झालं.
तिकडून होड्यांचे आवाज, कुणीतरी मासळीच्या टोपल्या आपटत होतं.
आणखी काही?

माझ्या फोनमध्ये मार्चपासून एक निरोप पडून आहे,
चार पानांचा, न पाठवलेला.
फ्लास्कमधला चहा केव्हाच कोमट झालेला.
मी म्हटलं, हो, आहे.
आणि घरमालकिणीच्या मांजरीपासून सुरुवात केली.